कॉन्स्टँटिनोपलहून सुटणारा बाण : इतिहासाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांस खुले पत्र

इतिहासाची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व बंधुभगिनींस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. पंचवीसएक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला, त्यातली बरीच वर्षं उन्हाच्या तडाख्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडले आणि बांधले. दोनदा प्रश्नपत्रिकाही काढली. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं पाप माझ्याही पदरात आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

तक्रार एका प्रश्नाबद्दल आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रश्न तोच: 'युरोपातील प्रबोधनाच्या प्रसाराची कारणे स्पष्ट करा.' पाच गुण. नमुना उत्तरात पाच मुद्दे. 1453 साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत पळाले; मुद्रणकलेचा शोध लागला; मेदिची वगैरे धनिकांनी कलावंतांना आश्रय दिला; व्यापार वाढला; विद्यापीठं निघाली. पाच मुद्दे, पाच गुण. मुलं पाढ्यासारखं म्हणतात, आपण पाढ्यासारखं तपासतो.

एका वर्षी माझ्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली. अक्षर किरटं, शाई फिकी. त्या मुलाने (की मुलीने, आपल्याला फक्त बैठक क्रमांक दिसतो) 1453 लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं की ग्रीक शिकवणारा माणूस फ्लोरेन्समध्ये 1397 मध्येच आला होता, तेव्हा कॉन्स्टँटिनोपल शाबूत होतं. मग पुस्तकं छापणाऱ्यांबद्दल चार ओळी, एका चित्राबद्दल तीन. मी पाचपैकी पाच दिले. गठ्ठा नियामकांकडे गेला, परत आला. 'मुद्दा क्रमांक एक नाही. एक गुण कमी करा.' मी वाद घातला नाही. लाल पेनाने पाचाचे चार केले, शेजारी सही केली, पुढची उत्तरपत्रिका ओढली. केंद्रावर चहा आला होता.

त्या एका गुणापायी हे पत्र लिहितोय. उशीर झाला आहे, मान्य.

वर्गात मीही फळ्यावर युरोपचा नकाशा काढायचो. उजव्या टोकाला कॉन्स्टँटिनोपल, त्यावर फुली, खाली 1453. तिथून इटलीकडे एक जाडजूड बाण, बाणावर 'विद्वान + ग्रंथ'. मग इटलीतून वर फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडकडे तीन बारीक बाण. मुलांना बाण आवडतात. शिक्षकालाही आवडतात, कारण बाण काढला की तास लवकर संपतो. पण त्या खडूच्या रेघेवर खरोखर कोण चाललं, कशावर बसून, कोणाच्या पैशाने, हे बघायला गेलं की बाण मधेच तुटतो, उलटा फिरतो, कधी समुद्रात भलतीकडेच जातो.

सुरुवात इटालियन कवी पेत्रार्कापासून करू. 1345 साली व्हेरोनातल्या एका ग्रंथभांडारात त्याला प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची खासगी पत्रं सापडली आणि त्याने ती स्वतः उतरवून काढली. पुढे बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या) दरबारच्या एका वकिलाने त्याला होमरची ग्रीक पोथी भेट दिली. पेत्रार्काला ग्रीक येत नव्हतं. आभाराच्या पत्रात त्याने लिहिलं की होमर माझ्यापाशी मुका आहे, किंवा मी त्याच्यापाशी बहिरा. तो पोथीला नुसता कवटाळून बसे. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या शंभरएक वर्षं आधी ग्रंथ इटलीत पोचला होता. अडलं होतं ते वाचणाऱ्यापाशी.

ते कोडं सुटलं 1397 मध्ये. फ्लोरेन्सच्या सरकारचा चिटणीस कोलुच्चो सालुताती याने खटपट करून मॅन्युएल क्रिसोलोरास या ग्रीक गृहस्थाला शहरात ग्रीकचा अध्यापक म्हणून आणलं. रीतसर नेमणूक, रीतसर पगार. त्या वेळी सुलतान बायझीदने कॉन्स्टँटिनोपलची नाकेबंदी केली होती आणि क्रिसोलोरास आपल्या सम्राटासाठी पश्चिमेकडे मदत मागायला फिरणाऱ्यांपैकी होता. फौजेची मदत मिळाली नाही ती नाहीच, पण वर्ग भरला. लिओनार्दो ब्रुनी तेव्हा कायदा शिकत होता. त्याने नंतर लिहून ठेवलंय की कायद्याचे शिक्षक गल्लोगल्ली मिळतील, ग्रीकचा हा एकच आहे, असा विचार करून मी या वर्गाला जाऊन बसलो. पुढे त्याने प्लेटो आणि ॲरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणले. क्रिसोलोरास फ्लोरेन्समध्ये जेमतेम तीन वर्षं राहिला, पण त्याचं व्याकरण पुढे शतकभर चाललं. प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं ते व्याकरण, नावच 'एरोतेमाता', म्हणजे 'प्रश्न'. प्रश्न काढणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता आपलेच पाच मुद्दे परत वाचा. धनिक आहेत, छापखाने आहेत, जहाजं आहेत. पगारी शिक्षक कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांनीच तयार केलेल्या नमुना उत्तरात शिक्षकाला जागा नसावी, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

1453 खोडून टाका असं माझं म्हणणं नाही. त्या वर्षाचा घाव खरा होता. बेसारिऑन नावाचे ग्रीक धर्मपंडित 1438-39 च्या धर्मपरिषदेसाठी इटलीत आले आणि पुढे कार्डिनल, म्हणजे पोपखालचे बडे धर्माधिकारी, होऊन तिथेच राहिले. मायभूमी बुडाल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी ठरवलं की उरलेसुरले ग्रीक ग्रंथ जिथे मिळतील तिथून गोळा करायचे. माणसं पाठवली, नकला करवून घेतल्या, पदरचा पैसा ओतला. 1468 मध्ये सातशेहून अधिक हस्तलिखितांचा तो संग्रह त्यांनी व्हेनिसला दान केला. नमुना उत्तरातला पहिला मुद्दा इथे अगदी तंतोतंत बसतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही. व्हेनिसने दान स्वीकारलं आणि पोथ्या पेट्यांत घालून ठेवल्या. कितीतरी वर्षं त्या राजवाड्यात तशाच पडून होत्या. अभ्यासकांनी अर्ज करावेत, अधिकाऱ्यांनी टोलवावेत. (सरकारी ग्रंथालयाची पायरी चढलेल्या कोणालाही हे सविस्तर सांगायला नको.) त्या पोथ्यांसाठी इमारतीचं काम सुरू झालं 1537 मध्ये, म्हणजे दानानंतर एकोणसत्तर वर्षांनी. बांधणारा वास्तुकार याकोपो सान्सोविनो व्हेनिसचा नव्हताच. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेशिस्त फौजेने रोम लुटलं, कलावंत वाट फुटेल तिकडे पळाले, त्यात तो व्हेनिसला येऊन टेकला. एका शहराच्या पाडावात गोळा झालेल्या पोथ्यांना दुसऱ्या शहराच्या लुटीतून वाचलेल्या माणसाने घर बांधलं. हे पाच गुणांत कुठे लिहायचं?

आणि 'तुर्कांनी दार बंद केलं' हे वाक्य तर आता खरंच सोडून द्या. ज्या सुलतान मेहमदने शहर जिंकलं, त्यानेच 1479 मध्ये व्हेनिसशी तह झाल्यावर तिथून चित्रकार मागवला. जेंतिले बेल्लिनी गेला आणि सुलतानाची तसबीर काढून आला. 1490 नंतर लोरेंझो मेदिचीचा माणूस, यानुस लास्कारिस, उस्मानी मुलखात फिरून ग्रीक हस्तलिखितं विकत घेऊन आला. दार बंद होतं तर हे गिऱ्हाईक आत कुठून शिरलं?

मुद्रणकलेचा मुद्दा तुलनेने भक्कम आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त एवढंच की 'शोध लागला आणि ज्ञान सर्वदूर पसरलं' या वाक्यात 'आणि' या शब्दावर फार भार पडतोय. माइन्त्स शहरातून छापून बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या मजकुरांत 1454 ची पापमुक्तीपत्रं आहेत, तुर्कांविरुद्ध लढाईसाठी निधी गोळा करायला काढलेली. म्हणजे 1453 चा पहिला छापील परिणाम होमर नव्हे, पावतीपुस्तक. 1462 मध्ये दोन आर्चबिशपांच्या भांडणात माइन्त्स लुटलं गेलं आणि तिथले कारागीर पांगले. त्या सुमारास आल्प्स ओलांडून इटलीत गेलेले दोन जर्मन, स्वाइनहाइम आणि पानार्त्स, यांनी 1465 मध्ये रोमजवळच्या सुबियाको मठात छापखाना घातला आणि दोन वर्षांत रोममध्ये नेला. सिसेरो छापला, इतर अभिजात लॅटिन छापलं, साधारण 275 प्रतींची आवृत्ती. 1472 मध्ये त्यांनी पोपकडे अर्ज केला: घर छापील कागदांनी भरलंय आणि खायला दाणा नाही. पुस्तकं छापता येतात म्हणून ती खपतात असं नाही, हे पुण्यात आप्पा बळवंत चौकात कोणीही सांगेल. खपाचं गणित जमलं ते पुढे, व्हेनिसमध्ये. आल्दुस मानुतिउसने 1501 मध्ये व्हर्जिल खिशात मावेल एवढ्या आकारात काढला, तिरप्या नव्या टंकात, टीकाटिप्पणीचं ओझं उतरवून. वाचनाची पोथी चौरंगावरून उठून हातात आली, ती तिथे.

आता त्या चित्राकडे येतो, ज्याबद्दल त्या उत्तरपत्रिकेत तीन ओळी होत्या. तुमची परवानगी असेल तर मी जरा जास्त लिहितो, कारण आपल्या बाणांची खरी पंचाईत इथे होते.

मेदिचींच्या पेढीची एक शाखा ब्रूजमध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये होती. तिचा कारभारी तोमाझो पोर्तिनारी. त्याच्या पूर्वजाने फ्लोरेन्समध्ये सांता मारिया नुओव्हा हे रुग्णालय काढलं होतं, म्हणून त्याने तिथल्या चर्चसाठी तीन फळ्यांचं एक प्रचंड चित्र करवून घेतलं. कोणाकडून? फ्लोरेन्सच्या चित्रकाराकडून नव्हे. ब्रूजपासून दिवसाच्या वाटेवर असलेल्या गेंटच्या ह्यूगो व्हान डेर गूसकडून. मधली फळी एकटीच दहा फूट रुंद. जहाजाने सिसिलीला वळसा घालून पिसा, तिथून आर्नो नदीतून वर, आणि 1483 च्या मे महिन्यात शहराच्या वेशीवर. वेशीपासून रुग्णालयापर्यंत उचलायला सोळा हमाल लागले. चित्रकार आदल्याच वर्षी वारला होता.

चित्रात काय आहे ते नीट बघा, छायाचित्र कुठेही मिळेल. बाळ येशू उघड्या जमिनीवर ठेवलेला. उजवीकडून तीन मेंढपाळ धापा टाकत आलेत. राबणाऱ्या हातांच्या फुगलेल्या गाठी, वाढलेली दाढी, एकाच्या उघड्या तोंडात दातांची पडझड. इटलीच्या गुळगुळीत संतमंडळींत असे चेहरे कोणी पाहिले नव्हते. आणि अगदी पुढे, आपल्या डोळ्यांसमोर, दोन भांडी: एक काचेचा पेला, त्यात निळी फुलं, पेल्याची सावली आणि त्यातून आरपार आलेला उजेड. शेजारी एक रंगीत मातीची बरणी, त्यात लिली. ती बरणी औषधांच्या दुकानात असते तसली, व्हॅलेन्सियाकडची, मुसलमान कुंभारांच्या परंपरेत घडलेली. रुग्णालयाच्या चर्चमध्ये औषधाची बरणी, किती नेमकं. एका चौकटीत फ्लेमिश तैलरंग, स्पेनमधली अरबी धाटणीची माती, आणि फ्लोरेन्सच्या सावकाराचा पैसा. तोही, खरं तर, बुडीत पैसा. पोर्तिनारीने बर्गंडीच्या ड्यूकला वारेमाप कर्ज देऊन शाखा खड्ड्यात घातली होती. चित्र पोचायच्या आधीच मेदिचींनी ती बंद करायला घेतली.

आणि मग काय झालं? फ्लोरेन्सचे चित्रकार ते चित्र बघायला गेले. दोन वर्षांत, 1485 मध्ये, गिर्लांदायोने सांता त्रिनिता चर्चमध्ये स्वतःचं येशूजन्माचं चित्र लावलं, त्यात ह्यूगोचे मेंढपाळ उघड उघड बसलेत. फक्त त्याने गुरांच्या गव्हाणीच्या जागी एक रोमन शवपेटी ठेवली, लॅटिन कोरीव लेखासकट. तेव्हाच्या इटालियनाला त्याशिवाय चैन पडत नसावं. ते चित्र ज्याच्या पैशाने झालं तो फ्रान्चेस्को सास्सेत्ती म्हणजे मेदिची पेढीचा मुख्य व्यवस्थापक, पोर्तिनारीचा वरिष्ठ. शाखेतून कर्ज वसूल झालं नाही, मेंढपाळ मात्र आले.

सांगा, हा बाण कुठून कुठे काढायचा?

याच पेढीचं दुसरं चित्र त्याहून भारी. पोर्तिनारीच्या आधीचा कारभारी आंजेलो तानी याने हान्स मेमलिंगकडून 'अंतिम न्याय' रंगवून घेतलं, तेही फ्लोरेन्सजवळच्या चर्चसाठी. 1473 मध्ये ते जहाजावर चढलं. वाटेत डान्झिगच्या पाउल बेनेके नावाच्या माणसाने ते जहाज पकडलं. त्याला चाचा म्हणा किंवा युद्धातला परवानाधारक लुटारू म्हणा, तुम्ही कुठल्या बंदरातून बघताय त्यावर आहे. चित्र डान्झिगच्या चर्चला अर्पण झालं. पोपने निषेध केला, दावे चालले, काही उपयोग झाला नाही. डान्झिग म्हणजे आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. चित्र आजही तिथेच आहे. नेपोलियनच्या काळात पॅरिसची वारी करून परत आलं, पण फ्लोरेन्सला कधी पोचलंच नाही. त्यात देवदूताच्या तराजूत पुण्यवान ठरलेला जो माणूस बसलाय, त्याचा चेहरा पोर्तिनारीचा आहे असं जाणकार म्हणतात. बाल्टिकच्या काठावर प्रबोधनाची कला कशी पोचली, या प्रश्नाचं एक उत्तर 'चोरून' असं आहे. पाचपैकी किती द्याल?

बाकी देशांचं थोडक्यात, कारण तुम्हालाही ते ठाऊक आहे. हंगेरीचा राजा मात्याश याने 1476 मध्ये नेपल्सची राजकन्या बेआत्रिचे करून आणली, इटालियन माणसं आणली, फ्लोरेन्समध्ये पोथ्या लिहायला टाकल्या आणि बुडाच्या किल्ल्यात असं ग्रंथालय उभं केलं की इटलीबाहेर त्याला तोड नव्हती. 1490 मध्ये तो गेला, 1526 मध्ये तुर्कांनी जिंकलेल्या मोहाचच्या लढाईनंतर पोथ्या इस्तंबूलला गेल्या, काही 1877 मध्ये सुलतानाने परत केल्या. पोलंडच्या राजाकडे इटलीची बोना स्फोर्झा 1518 मध्ये राणी म्हणून आली. पुढच्याच वर्षी क्राकोच्या वावेल टेकडीवर बेर्रेच्ची या फ्लोरेन्सजवळच्या माणसाने राजाच्या समाधीमंदिराला हात घातला. आजही पोलंडच्या भाजीबाजारात रश्शासाठी गाजर, सेलरी, लीक यांची जी जुडी मिळते तिला 'इटालियन माल' अशा अर्थाचा शब्द आहे आणि लोक त्याचं श्रेय बोनाबाईंना देतात. ते दंतकथेत धरा, पण शब्द खराच आहे. फ्रान्सने इटलीवर स्वारी केली, लढाया हरला आणि कारागीर घरी घेऊन आला. जर्मन चित्रकार ड्यूरर दोनदा व्हेनिसला गेला आणि 1506 मध्ये मित्राला लिहिता झाला की इथे मला मान आहे, घरी मी बांडगूळ. त्याचीच लाकूडठशांची चित्रं तोवर इटलीत नकला होऊन विकली जात होती. पाहुणा आणि यजमान यांतला फरक तेव्हाही धूसरच होता.

आता एक शब्दाची गोष्ट, कारण ती आपल्याशीच निगडित आहे. आपण 'प्रबोधन' म्हणतो, म्हणजे जागं होणं, जागं करणं. मूळ 'रेनेसाँ' या शब्दाचा अर्थ पुनर्जन्म. हा बदल कोणी केला ते केला, छान केला. 'प्रबोधन' म्हटलं की आपल्याला बाळशास्त्री, लोकहितवादी, जोतीराव आठवतात. पण त्यामुळे एक अडचण होते. मराठीत 'पुनरुज्जीवनवादी' ही जवळजवळ शिवी आहे. सुधारक एका बाजूला, पुनरुज्जीवनवादी दुसऱ्या बाजूला, अशी आपली मांडणी. मुलांना मग कळत नाही की पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्समध्ये सगळेच पुनरुज्जीवनवादी होते. त्यांना नवं काही करायचंच नव्हतं, जुनं रोम परत आणायचं होतं. जुनं नीट वाचता वाचता हातून नवं झालं, कारण जुनं सापडलं तेच मुळी अर्धवट, विटलेलं, एकमेकांशी न जुळणारं. ही गुंतागुंत बारावीच्या मुलांना झेपत नाही असं म्हणू नका. ज्याने 1453 गाळलं त्याला झेपली होती.

आणि उजेड सगळा ग्रीकच नव्हता. फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्यांची मुलं ज्या गणितशाळांत जात, तिथे शिकवले जाणारे आकडे आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले. पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाच्ची म्हणतो, 1202 च्या आपल्या ग्रंथात त्यांना भारतीयांचे नऊ आकडेच म्हटलं आहे. 1299 मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबवहीत हे आकडे वापरायला बंदी घातली होती. रकमा अक्षरी लिहा असा दंडक. (चेकवर 'अक्षरी रुपये' लिहिताना मला दरवेळी ते सराफ आठवतात.) चाळीसएक वर्षांत त्याच शहरात हजारावर मुलं गणितशाळांत बसत होती, असं तिथला बखरकार व्हिल्लानी लिहितो. पुढे चित्रात अंतर मोजून दाखवायची जी विद्या आली, तिच्यामागे हेच त्रैराशिक घोटलेले हात होते. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने तर व्यापारी गणितावर पुस्तकच लिहिलं. प्रकाश आणि दृष्टी यांबद्दल शिल्पकार गिबेर्तीने जे लिहिलंय त्याचा मोठा भाग अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमच्या ग्रंथातून घेतलेला. नमुना उत्तरात अरबांना अर्धी ओळ आहे: 'अरबांनी ग्रीक ज्ञान जतन केले.' जणू ते गोदामरक्षक होते.

शेवटी गोवा. प्रबोधनाचा धडा युरोपात सुरू होतो आणि युरोपातच संपतो; मग चार धडे सोडून पोर्तुगीज येतात, तलवार आणि क्रूस घेऊन. पण मधे काही पुस्तकंही आली. 1556 मध्ये गोव्यात उतरलेला छापखाना खरं तर अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघाला होता, वाटेत अडकला आणि भारतातला पहिला छापखाना झाला. 1563 मध्ये त्याच गोव्यात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं पुस्तक छापून झालं. हा माणूस सालामान्का आणि अल्काला इथे शिकलेला, गॅलेन-ॲरिस्टॉटल पाठ असलेला, 1534 मध्ये इकडे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, तिथल्या आपल्या आंब्यांचं त्याला कौतुक. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एकीकडे ग्रंथांवर विसंबून बोलणारा पाहुणा डॉक्टर, दुसरीकडे 'मी इथे डोळ्यांनी बघितलंय' म्हणणारा ऑर्ता. आले, लवंग, फणस, अफू, हिंग. पटकीच्या प्रकरणात तो इथलं नाव देतो ते मोडशी. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशी' झालं. आपल्या आज्या पोट बिघडल्यावर जो शब्द वापरायच्या तो असा एका युरोपीय वैद्यकग्रंथात जाऊन बसला. आणि तो तिथेही थांबला नाही: 1567 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसिउसने त्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप केला, तो अँटवर्पच्या प्लान्तांने छापला, आणि युरोपभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ गोव्याच्या बागेतलं वाचू लागले. मूळ गोव्याच्या प्रतीत छपाईच्या चुकांची लांबच लांब यादी आहे. जुळारी नवखे असणार, बिचारे.

ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जाळलं. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हेही प्रसारातच येतं, कारण ग्रंथ आणि चिता एकाच गलबतातून आले.

त्यानंतर 1616. गोव्यातल्या राशोलला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओवीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तयार नव्हते. छापखाना आहे, कवी आहे, भाषा आहे; अक्षर नाही. मुद्दा क्रमांक दोन लिहून घेताना एकदा हे उदाहरण मुलांना सांगून बघा.

तर मागणी काय? धडा बदला म्हणत नाही, ते तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे. प्रश्न तेवढा तुमच्या हातात आहे. 'कारणे स्पष्ट करा' ऐवजी एखाद्या वर्षी विचारून बघा: 'खालीलपैकी कोणत्याही एका वस्तूचा प्रवास सांगा आणि तो कोणाच्या गरजेमुळे झाला ते लिहा: बेसारिऑनच्या पोथ्या, पोर्तिनारीचं चित्र, ऑर्ताचं पुस्तक.' ज्याला काही येत नाही तोही काहीतरी लिहील, ज्याला येतं तो पुरवणी मागेल. तपासायला अवघड जाईल, कबूल. नमुना उत्तर एका पानात बसणार नाही. नियामकांना दोनदा वाचावं लागेल. तपासणीचा दर उत्तरपत्रिकेमागे जो मिळतो त्यात हे परवडत नाही, हेही मला कोणी सांगायला नको. मीही तेच पैसे घेतलेत.

आणि एक सोय करा. त्या प्रश्नासोबत कोरा नकाशा द्या, मुलांना स्वतः वाटा काढू द्या. फक्त नकाशा छापायला देताना युरोपच्या कडेवर कापू नका. खाली आणि उजवीकडे, निदान मांडवीच्या मुखापर्यंत कागद राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक